तुटक रेघेवरचं घर

रेल्वे नियोजनाच्या कार्यालयात एक साधा नियम होता. जो मार्ग नुसता ठरलाय, तो नकाशावर तुटक रेघेने दाखवायचा. ज्याला पैसे मंजूर झाले, तो सलग रेघेने. तिथल्या आरेखकाची नोकरी अशा तुटक रेघा काढण्यात गेली, आधी शाईने आणि मग संगणकावर. शहर चहूबाजूंनी फुगत होतं, बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, प्रत्येक निवडणुकीत रेल्वेची घोषणा होत होती आणि रेघ काही सलग होत नव्हती.

नुसत्या रेघा काढून थांबला असता तर गोष्ट वेगळी. पण या गृहस्थाने त्या रेघेवर विश्वास ठेवला. शहराबाहेर, उत्तरेच्या मार्गावर नियोजित स्टेशनाचं एक छोटं वर्तुळ होतं. त्याच्या शेजारी त्याने घर घेतलं. मुलगी तेव्हा रांगत होती. "दोन-तीन वर्षांत गाडी येते बघ," त्याने बायकोला छातीठोकपणे सांगितलं. असली चूक नियोजन कार्यालयातल्या माणसानेच करावी. बाकीची दुनिया आधी गाडी बघते आणि मग घर घेते.

घरामागे मोकळं मैदान होतं. नव्या शेजाऱ्यांना तो तिथे हौसेने फिरवून आणायचा. "हा फलाट. इथे तिकीट खिडकी. आणि तुम्ही उभे आहात ना, तिथे जिना." शेजारी त्याला स्टेशनमास्तर म्हणायला लागले. आधी कौतुकाने, मग चेष्टेने आणि शेवटी नुसतंच, सवयीने. मैदानात गवत वाढत होतं. हा रोज पहाटे दोन बस बदलून कामावर जायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा.

घरात "गाडी झाली की" हा परवलीचा शब्द झाला होता. गाडी झाली की बाहेरच्या खोलीत नवा सोफा घ्यायचा, कारण तेव्हा पाहुणे येतील. गाडी झाली की बायको पुन्हा शहरातल्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होणार होती. बसच्या धक्क्यांनी कंबर धरली म्हणून तिने ती नोकरी सोडली होती. नवऱ्याला दोष तिने कधी दिला नाही. फक्त दवाखान्याच्या गोष्टी सांगताना ती कालच कामावरून आल्यासारखी बोलायची. तो ऐकताना मान खाली घालायचा.

मुलगी शिकायला शहरात गेली, तिथेच नोकरीला लागली, लग्न करून तिथेच राहिली. तिला आता लहान बाळ होतं. फोनवर ती जीव तोडून म्हणायची, "बाळाला घेऊन दोन-दोन बस कशा बदलू गं आई? गाडी झाली की दर शनिवारी येईन." आई म्हणायची, "हो बाई, गाडी होऊ दे." आणि फोन ठेवून ती खिडकीतून मैदानाकडे बघत राहायची. लेकीची आठवण तिला हातातलं काम टाकायला लावायची, पण "ये" असं ती कधी म्हणाली नाही. येणारच होती ना, गाडी झाली की.

आणि अखेर मार्गाला मंजुरी मिळाली. मार्गावरच्या प्रत्येक नगरपालिकेने आपापला वाटा उचलायचा, उरलेले पैसे सरकार देणार, असं ठरलं होतं. स्टेशन सगळ्यांनाच हवं होतं. वाटा म्हटलं की प्रत्येकाला तातडीचं काम आठवायचं. ऐन वेळी एका नगरपालिकेने हात वर केले. तूट भरून काढायला दोन स्टेशनं गाळायचं ठरलं, जिथे प्रवासी सर्वांत कमी मिळतील अशी. मुख्य नियोजक बाईंनी आरेखकाला खोलीत बोलावलं आणि दोन्हींची नावं सांगितली. दुसरं त्याचं होतं.

"मला ठाऊक आहे तुमचं घर तिथे आहे," बाई म्हणाल्या. "मी भांडले हो. पण ही दोन ठेवली तर अख्खी रेघच पुन्हा तुटक होते."

"बरोबर आहे, मॅडम," तो म्हणाला. आणि ते बरोबरच होतं, म्हणून तर भांडायलाही जागा नव्हती.

त्या संध्याकाळी घरी सांगायचं त्याने ठरवलं होतं. पण बायकोने दारातच विचारलं, "झाली का हो सलग?" तो म्हणाला, "झाली." ती इतकी हसली की पुढचं वाक्य त्याने उद्यावर ढकललं.

नकाशा त्याने दुसऱ्या दिवशी काढला. सलग रेघ, तिच्यावर वर्तुळं. इतकी वर्षं ती वर्तुळं त्याच क्रमाने काढून हाताला पाठ झाली होती. याच्या नकाशात चूक नसते म्हणून बाईंनी सहीसुद्धा न बघता केली. नकाशा छापून जनसुनावणीसाठी गेला. सुनावणी नेमकी त्याच्याच वसाहतीतल्या शाळेत होती.

सभागृहात पडद्यावर नकाशा आला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी वळून वळून त्याच्याकडे बघत होते. "स्टेशनमास्तर, जिंकलात!" त्याने पडद्याकडे पाहिलं. गाळायच्या दोन वर्तुळांपैकी एकच गाळलं गेलं होतं. दुसरं, त्याच्या घरामागच्या मैदानावरचं, ठसठशीत बसलं होतं. दुसऱ्या रांगेत त्याची बायको पदराने डोळे पुसत फोनवर बोलत होती.

व्यासपीठावर बसलेल्या नियोजक बाईंचाही चेहरा उतरला होता. त्या माइककडे जाणार, एवढ्यात तो उभा राहिला.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "इथलं स्टेशन रद्द झालंय. गाडी जाईल, पण इथे थांबणार नाही. ते वर्तुळ मी काढायला नको होतं."

कुणीतरी ओरडलं, कुणीतरी खुर्ची आपटली. पुढे बाईंनी पुष्कळ काही समजावून सांगितलं. त्यातलं त्याला काहीच ऐकू आलं नाही. तो बायकोकडे बघत होता आणि ती फोनकडे.

दोघं मैदानाच्या कडेने घरी आली.

"मुद्दाम काढलंत का?" तिने विचारलं.

"नाही गं." मग थोडं थांबून तो म्हणाला, "खरं सांगू? मलाच माहीत नाही. हाताला कळलंच नाही गाळायला."

"मी लेकीला सांगून बसले हो. स्टेशन झालं म्हणून."

तेवढ्यात फोन वाजलाच. ती उचलेना म्हणून त्याने उचलला. "बाबा!" लेक आनंदाने ओरडली, "झालं ना एकदाचं! आता बघा, दर शनिवारी!" मागे बाळ काहीतरी बडबडत होतं. तो आवाज या घरात आजवर फक्त फोनवरूनच आला होता.

बायकोने त्याच्या हातातून फोन घेतला.

"अगं, स्टेशन रद्द झालं," ती म्हणाली. "मी घाईने सांगितलं तुला. गाडी इथे थांबायचीच नाही." ती खिडकीपाशी गेली, मैदानाकडे पाठ करून उभी राहिली. "तू बसने ये. या शनिवारी ये. मला बाळाला मांडीवर घ्यायचंय. तुला बघायचंय. मी फार वाट बघितली गं."

इतक्या वर्षांत हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच बोललं गेलं. लेक रडत होती की काय, कळेना. मग नाक ओढल्याचा आवाज आला आणि तिने विचारलं, "शनिवारी सकाळची बस असते का गं?"

आईने त्याच्याकडे पाहिलं.

"असते," तो म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. "शनिवारी रिकामी असते. बाळाला घेऊन खिडकीशी बस म्हणावं. मी स्टॉपवर उभा असेन."