कोन्ता मामा?

आमच्या सावली तालुक्यातल्या गावात वाघाला वाघ म्हणत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, असं सगळ्यांचं ठाम मत. कोणी ‘मोठं जनावर’ म्हणतं, कोणी नुसतं ‘तो’ म्हणून जंगलाच्या दिशेनं मान हलवतं. आमच्या घरात त्याला ‘मामा’ म्हणायचे. आता ज्या घराला खराखुरा मामा आहे, त्या घरानं हा शब्द वापरू नये एवढी अक्कल कुणाला तरी असायला हवी होती. ती कुणालाच नव्हती, आणि मी तर तेव्हा सात वर्षांची होते.

खरा मामा कोरपन्याला राहायचा. सिमेंटच्या कारखान्यात होता. काडीपैलवान माणूस, पण मिशा अशा की आधी मिशा दारातून आत यायच्या आणि मागून मामा. त्या वर्षी त्याला भाऊबीजेला सुट्टी मिळाली नाही. भाऊबीज उलटून चार दिवस झाल्यावर दुपारच्या बसनं तो न सांगता आला. घरात मी एकटी. आई बाकीच्या बायांसोबत धान कापायला बांधीत म्हणजे भातखाचरात गेलेली, बाबा बाजाराला. मामानं माझ्या हातावर बत्तासे ठेवले, मागे सांदवाडीत म्हणजे घरामागच्या वाडीत जाऊन हातपाय धुतले आणि तिथंच खाटेवर अंग टाकलं. मी आईला सांगायला पळाले.

बांधीच्या धुऱ्यावर उभी राहून मी जीव खाऊन ओरडले, “आई वो, मामा आला! आपल्या सांदवाडीत शिरला!”

कापणीचे दिवस, उभ्या धानात जनावर बसायचे दिवस. वीसेक बाया एकदम ताठ उभ्या राहिल्या. एकीनं किंचाळी फोडली. शेजारच्या बांधीतले गडी काठ्या घेऊन धावले, कुणी तेलाचा रिकामा पिपा उचलला आणि बडवत सुटला. सगळ्यांच्या पुढे आई. आमचं वासरू सांदवाडीत बांधलेलं होतं आणि तिच्या हातात विळा होता. मी मागून “आई, बत्तासे आनले” असं ओरडत होते. पण पिप्यापुढे बत्ताशाला कोण विचारतो!

मामाची झोप मोडली ती आरडाओरडीनं. काठ्या, कुऱ्हाडी आणि विळे घेतलेली अख्खी पलटण आपल्याकडे येताना त्यानं पाहिली. पोरं पळवणारी टोळी फिरते अशी हूल त्या दिवसांत उठलेली होती. त्याला वाटलं, आपल्यालाच धरायला आले. तो उठला आणि सरळ जांबाच्या म्हणजे पेरूच्या झाडावर चढला. लोक कुंपणाशी थबकले, कारण झाड हलत होतं. झाडावर चढतो म्हणजे मामा नाही, बिबट आहे, असं एका जाणत्यानं सांगून टाकलं. तेवढ्यात वरून रडवेला आवाज आला, “भाऊ, मी काईच केलं नाई! बाई, सांग ना वो यायले!” आणि फांदी मोडली.

मामा वासराशेजारी पडला. वासराला काही झालं नाही. मामा पुढचे आठ दिवस उताणा झोपू शकला नाही. गावानं मात्र त्याला जन्मभर ‘वाघ’ म्हटलं. एरवी ज्या नावाला घाबरायचे, ते नाव त्याला बिनधास्त लावलं. तो बसमधून उतरला की पानठेल्यावरून हाक यायची, “आला का वाघ?”

आईनं त्या दिवशी माझ्या पाठीत दोन धपाटे घातले आणि कायदा केला. “कोरपन्याचा असन तं कोरपन्याचा मामा म्हनाचं. नुसतं मामा म्हटलं का तो. समजलं?” समजलं. पुढं आमच्या घरी कधी चूक झाली नाही. मामाची चिठ्ठी आली तरी बाबा वाचायच्या आधी सांगत, “कोरपन्याच्या मामाची आहे.” पाहुणे हसायचे. आम्ही हसत नव्हतो, आमच्यासाठी तो कायदा होता.

हे सगळं मी लग्नाच्या घरात, शाळेच्या सहलीत, कुठंही रंगवून सांगत आले. लोक पोट धरून हसतात. आता मात्र सांगवत नाही.

बाबा गेले, मग तीन वर्षांपूर्वी कोरपन्याचा मामाही गेला. आई गावात एकटी राहिली. घर गावाच्या टोकाला, सांदवाडीच्या मागे बोडी म्हणजे लहान तळं, बोडीच्या मागे झुडपी जंगल. मी चंद्रपूरला शाळेत शिकवते, राहते तिसऱ्या माळ्यावर. रोज संध्याकाळी फोन आणि महिन्यातून दोन चकरा, एवढंच माझं लेकीचं कर्तव्य. गेल्या वर्षापासून आई विसरू लागली. भाजीत दोनदा मीठ, गॅसवर दूध तसंच. एकदा मला माझ्याच मुलीच्या नावानं हाक मारली आणि परीक्षा कशी गेली ते विचारलं. मी हसले, फोन ठेवला आणि भांडी घासता घासता रडले.

मग या पावसाळ्याच्या शेवटी एक दिवस ती फोनवर म्हणाली, “आज मामा आलता वो.”

माझ्या हातातलं काम थांबलं. मी विचारलं, “कुठी?”

“सांदवाडीत. तनसीच्या ढिगापाशी बसून होता.”

“काय म्हनला?”

“काय म्हनन? माह्याकडं पाहून राह्यला होता. मंग उठला, गेला.”

मेलेला भाऊ सांदवाडीत येऊन बसतो, बोलत नाही, बघतो आणि जातो. हे ऐकून मला जे वाटलं ते सांगते: मला आईची भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, अशा आजारात माणसांना गेलेले लोक दिसतात. वाद घालू नका, त्यांच्या कलानं घ्या. मी कलानं घ्यायचं ठरवलं. चार दिवसांनी ती पुन्हा म्हणाली, मामा आलता. मी लाडानं म्हटलं, “मंग चहा पाजाचा ना आई त्याले. इतक्या दुरून आला.”

ती म्हणाली, “तुले मजाक कशी सुचते वो? वरच्या मोहल्ल्यातली बाई मोहफुलं वेचाले गेली, ते आलीच नाई. आठवते का तुले?”

मला आठवत होतं. पण मला वाटलं, आईच्या डोक्यात आता एकाचं दुसऱ्यात मिसळतंय. मी त्याच रात्री नवऱ्याला सांगितलं की आईला इथं आणायचं. आईला सांगितलं तर ती भडकली. हे घर तिनं मातीपासून उभं केलेलं. सकाळी अंगणात शेण टाकल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नाही. ती म्हणाली, “मी मामा येते म्हनून सांगून राह्यली, तं तू मले येडी ठरवून राह्यली. मी नाई येत.” मीही तापट, तिचीच लेक. म्हटलं, “येडी नाई तं काय! मेलेला मानूस येते का कधी?” हे वाक्य मी आईला बोलले. ते काही केल्या परत घेता येत नाही.

रविवारी गाडी करून मी गावाला गेले. आई ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसलेली. मी तिच्या लुगड्यांची पिशवी भरली, औषधं भरली आणि वाळत घातलेले कपडे काढायला मागे सांदवाडीत गेले. न्हाणीचं पाणी वाहून तिथं नेहमी चिखल असतो. चिखलात पाऊल उमटलेलं होतं. मी वाकून शेजारी हात ठेवून पाहिला. माझ्या हातापेक्षा मोठं होतं. तणशीच्या म्हणजे धानाच्या पेंढ्याच्या ढिगाची एक बाजू दबून बसलेली, माणूस झोपून उठल्यावर गादी दबते तशी.

नुसतं मामा म्हटलं का तो. समजलं?

आई सगळं विसरत होती, पण कायदा विसरली नव्हती. इतक्या वेळा सांगितलं, एकदाही तिनं ‘कोरपन्याचा’ म्हटलं नव्हतं. विसरले होते मी. आणि मी म्हटलं होतं, त्याला चहा पाज.

मी धावत ओसरीत येऊन आईचे पाय धरले. ती म्हणाली, “काऊन वो, काय झालं?” मी म्हटलं, “आई, मामा आलता.” ती म्हणाली, “तेच तं सांगून राह्यली होती.” मला इतका आनंद झाला की लाज वाटते. आई वेडी नव्हती! मागे वाघ बसून गेला होता आणि मी ओसरीत हसत-रडत होते.

जंगलखात्याची माणसं आली. पावलाचं माप घेतलं, झाडाला कॅमेरा बांधला. त्यांच्यातल्या वनरक्षकानं आईला विचारलं, “आजी, कधीपासून येते?”

“झाले पंधरा दिस. पोरीले सांगतलं ना मी.”

वनरक्षकानं माझ्याकडे पाहिलं. मी चिखलाकडे पाहिलं. मग तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “बाई, इथी एकट्या म्हाताऱ्या मानसाले ठेवता येनार नाई. न्या तुमी.”

म्हणजे आई वेडी ठरली असती तरी न्यायचं होतं, शहाणी ठरली तरी न्यायचं. भरलेली पिशवी मला पुन्हा उघडावीही लागली नाही. गाडीत बसताना आईनं पिशवी मांडीवर घेतली. मूल गाव मागे पडल्यावर म्हणाली, “नसतं सांगतलं तं बरं झालं असतं.” मी खिडकीची काच वर केली आणि पुन्हा खाली केली.

आता ती माझ्या गॅलरीत बसते. खाली रस्ता, समोर दुसऱ्या इमारतीच्या गॅलऱ्या, त्यांना सगळ्यांना जाळ्या. परवा मी शाळेतून आले तर तिनं विचारलं, “इथी मामा येते का वो?”

आता मी चुकणार नव्हते. नीट विचारलं, “कोन्ता मामा, आई? कोरपन्याचा?”

तिनं माझ्याकडे फार काळजीनं पाहिलं. “कोरपन्याचा मेला ना वो. तुले आठवत नाई का?” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “मी त्या मामाचं विचारून राह्यली.”

“नाई येत आई. तिसऱ्या माळ्यावर कसा येईन तो?”

ती समोरच्या जाळ्यांकडे बघत राहिली. म्हणाली, “मंग इथी कोनीच येत नाई म्हन ना.”