नेलपॉलिश लावलेली बंदूक

कुणाविषयी लिहावं इतका मी मोठा नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात परीक्षेच्या पेपराबाहेर काही लिहिणारा मीच पहिला. चुकेल, कमीजास्त होईल, त्याबद्दल माफ करा. पण फौजीमामांवर दुसरं कुणी लिहिणार नाही, म्हणून लिहितो.

लोक येता-जाता खिशातला मोबाइल चाचपतात, तसे मामा बंदुकीचे स्क्रू चाचपायचे. बोलणं चालू असायचं आणि अंगठ्याचं नख चापाभोवतीच्या कडीवरून फिरत असायचं. एका स्क्रूवर थांबायचं, मग पुढच्यावर. मामा आमच्या आष्टीचे, आमच्याच गल्लीतले. फौजेतून निवृत्त झाल्यावर ते जालन्यात एका बँकेच्या शाखेवर बंदूकवाले रखवालदार होते. बंदूक त्यांची स्वतःची, परवान्याची, जुनी दुनळी. बंदूक आहे तोवर नोकरी, असा बँकेला रखवालदार पुरवणाऱ्या ठेकेदाराचा कायदा. मी कॉलेजसाठी आलो तेव्हा जुन्या जालन्यातल्या आपल्या खोलीत त्यांनी मला ठेवून घेतलं.

शाखेची रोकड गाडीनं खेड्यांकडे जायची. रस्ता असा, की गाडीचे दरवाजे खडखडायचे. बंदूक मामांच्या गुडघ्यांत उभी. त्या हादऱ्यांनी बारीक स्क्रू आपोआप वर यायचे. म्हणून रविवारी मामा काडतुसं कुलपात टाकायचे, नळ्या रिकाम्या असल्याचं मलाही बघायला लावायचे आणि सतरंजीवर पांढरं फडकं पसरायचे. ढिला स्क्रू काढायचा, रॉकेलनं त्याचं तेल पुसायचं, वाळवायचा, आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब देऊन बसवायचा. मग स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या लोखंडावर एक लाल रेघ. रेघ तुटली, की स्क्रू फिरला असं समजायचं. पेचकसावर मी जोर दिला की ते ओरडायचे, "अरे, बैल बांधून राह्यला का? खाच गेली तं मंग कोणाच्या बापाला निघत न्हाई!"

नेलपॉलिश आणायला ते स्वतः बांगड्यांच्या दुकानात जायचे. दुकानदार विचारायचा, "मामीला कोणता रंग देऊ?"

"मामीला न्हाई. बंदुकीला."

"लगीन जमलं का तिचं?"

"जमलं. तूच नवरदेव. ये, बस समोर."

सगळं दुकान हसायचं. मामा मात्र बाटली उजेडात धरून रंग घट्ट झालाय का ते बघत राहायचे. शाखेतला कॅशियरही त्यांना टोमणे मारायचा, तेव्हा ते म्हणायचे, "साहेब, आधी तुमची खुर्ची बघा. रोज करकर करती." मामा गोड माणूस नव्हते. गर्विष्ठ होते, आणि बंदुकीबद्दल कुणी एक विचारलं तर दहा सांगायचे.

मग निवडणूक आली. निवडणुकीत परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बँकेच्या रखवालदाराला सूट मिळते, पण त्यासाठी बँकेचं पत्र लागतं. मॅनेजर म्हणाले, ते ठेकेदाराचं काम. ठेकेदार म्हणाला, साहेबांकडून आणा. मामा दोन्हीकडे फिरत राहिले आणि मुदत संपली. बंदूक जमा झाली. शाखेवर काठीवाला एक पोरगा आला. "बंदूक आली की या परत," असं मामांना सांगण्यात आलं.

बंदूक परत मिळाली तेव्हा मी सोबत होतो. नळ्यांवर गंज होता. कडी हलत होती आणि तिचा पुढचा स्क्रू नव्हता. भोकाभोवती पेचकस घसरल्याचे ओरखडे होते. कुणीतरी उघडून पाहिलं होतं. मामांनी जमादाराला विचारलं, "स्क्रू कुठं गेला?"

"मामा, बंदूक भेटली ना? सोनं हाय का त्या स्क्रूत?"

ठेकेदाराकडच्या तपासणीत बंदूक पास झाली, तरच नोकरी परत मिळणार होती. संभाजीनगरचा बंदूक दुरुस्तीवाला म्हणाला, असा स्क्रू हातानं करावा लागेल, वेळ लागेल. वेळ नव्हता. शेवटी शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे एक जुना स्क्रू सापडला. तो बरोबर बसला. मामांनी गंज काढला, रॉकेल, नेलपॉलिश, सगळं केलं. कडी हलेना.

तपासणारा माणूस फोनवर बोलत होता. बोलता बोलताच त्यानं नळ्या उघडल्या, आरपार पाहिलं, चाप दाबून बघितला आणि सहीसाठी पेन काढलं. मग त्यानं सहज विचारलं, "हे लाल काय लावलंय?"

तिथं मामांना राहवलं नाही. त्यांचा चेहरा खुलला. ते एकेका स्क्रूवर बोट ठेवून सांगू लागले. रेघ कशासाठी, तेल का पुसायचं, जोर का द्यायचा नाही. मी त्यांच्या सदऱ्याची बाही ओढली. मामा पुढच्या स्क्रूवर आले आणि म्हणाले, "आन् हा तं शिलाई मशीनचा हाय, साहेब. पण बिलकुल हलणार न्हाई. बघा तुम्ही."

त्या माणसानं फोन खाली ठेवला. पेनही ठेवलं.

"मूळचा नाही?"

"मूळचा ठाण्यात गेला."

"मग नाही चालणार, मामा. उद्या काही झालं तर माझ्यावर येईल."

मामांनी जालन्यातली खोली सोडली आणि आष्टीला परत निघाले. बसस्टँडवर गवसणीतली बंदूक खांद्याला अडकवून उभे होते. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो. ते म्हणाले, "त्यानं बघितलंच नव्हतं रे. मीच दाखवलं." बस आली तेव्हा माझ्याकडे न बघता चढले.

त्या शाखेसमोरून मी अजून जातो. काठीवाला पोरगा सावलीत बसलेला असतो. रोकडगाडीही जाते. कुणाचं काही अडलेलं नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

शेवटचा पेपर झाला त्या दिवशी आष्टीहून मामींचा फोन आला. "जयभीम, बाळा. मामा गेले तुझे. छातीत दुखलं, दवाखान्यापोतर पोचलेच न्हाईत. जलदानविधीबी झाला. तुझी परीक्षा होती म्हणून तुझ्या आईनं सांगू देलं न्हाई."

मामी थोडा वेळ रडल्या. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "बंदूक न्यायला पोलीस आल्ते. माणूस मेला की जमा करा लागती म्हनं. नेली. पण आता रोज फोन करून राह्यले, की ह्या बंदुकीचा एक स्क्रू बदललेला हाय, मूळचा कुठं ठेवला ते सांगा. तू शिकलेला हायस. मी त्यांना काय सांगू?"