मुखपृष्ठावरचे पाय

धुळ्यातल्या एका वाचनालयात मी बारा वर्षं लेखकांच्या मुलाखती घेतोय. कथा-कादंबरीवाल्यांच्या नाही, कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या गोष्टींवर लिहिणाऱ्यांच्या. जळगावहून एक जण केळीच्या किडीवर बोलायला आला होता, एक बाई तांड्यावरच्या भरतकामावर दोन तास बोलल्या. लोक म्हणतात, सर, तुम्ही प्रश्न फार नेमका विचारता. डोंबलाचा नेमका! जो एक विचारायचा होता, तिथे माझी दातखीळ बसली.

पांझरेच्या काठी आमचं गाव. वडिलांना आम्ही आबा म्हणतो. आबा पाटकरी होते, म्हणजे बंधाऱ्यातून निघालेल्या पाटाचं पाणी कुणाच्या शेतात किती वेळ जाईल, ते बघणारा माणूस. ही फड पद्धत फार जुनी. सगळा गाव मिळून पाणी वाटून घ्यायचा आणि भांडण झालंच तर आबांचा शब्द शेवटचा. चाळीस वर्षांत त्यांच्या हातून कुणाचं वाफाभर पाणी इकडचं तिकडे झालं नाही.

पुण्याच्या एका लेखकांना यावर पुस्तक लिहायचं होतं. त्यांना घरी मीच नेलं. चार दिवस राहिले, आईच्या हातची कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन वा वा करत होते. आबांचे गुडघे धरलेले, तरी लेखकांना घेऊन ते अख्खा पाट चालले. धोतर खोचून पाण्यात उभे राहिले आणि नडगीवर पाणी कुठवर चढलं की कुणाच्या शेताकडचं दार बंद करायचं, ते बोटाने दाखवलं. लेखकांनी फोटो काढला. निघताना आबांनी एवढंच विचारलं, "मन्हं नाव टाकशात ना भाऊ?"

"अहो आबा, तुमच्याशिवाय पुस्तक होईल का?" लेखक म्हणाले.

पुस्तक झालं. मुखपृष्ठावर पाटात रोवलेले दोन पाय, फक्त गुडघ्यापर्यंत. डाव्या नडगीवरचा विळ्याचा वण आमची आई लांबूनही ओळखेल. आत ऋणनिर्देशात साहेबांची, मित्रांची, बायकोची नावं. आबा सापडले एका तळटीपेत: 'एका वृद्ध माहितगाराने सांगितल्यानुसार.'

घरी मी काही बोललो नाही. म्हटलं, वाचनालयात त्यांची मुलाखत ठेवू, तिथे चारचौघांसमोर लेखकांच्याच तोंडून आबांचं नाव वदवून घेईन. त्या दिवशी आबा धुवट टोपी घालून लवकरच आले. दारातल्या टेबलावरून पुस्तक विकत घेतलं आणि पहिल्या रांगेत बसून ओळींवर बोट ठेवत तासभर वाचत राहिले.

मंचावर लेखकांनी नडगीची गोष्ट अशी काही रंगवली! "हे मोजमाप मला शोधून काढावं लागलं. आता ते जाणणारं कुणी उरलेलं नाही." टाळ्या पडल्या. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! जाणणारा समोर दहा फुटांवर बसलेला. प्रश्न माझ्या जिभेवर होता. पण त्याच दुपारी मी माझं हस्तलिखित त्यांच्या पिशवीत सरकवलं होतं, मला त्यांची प्रस्तावना हवी होती. मी घसा खाकरला आणि विचारलं, "सर, पुढचा संकल्प काय?"

लाज वाटते सांगायला, पण असंच झालं.

कार्यक्रमानंतर आबा सहीच्या रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या मागेच होतो. लेखकांनी मान वर न करता विचारलं, "नाव काय लिहू?"

आबा म्हणाले, "लिखा, एक वृद्ध माहितगार."

"वा, छान!" असं म्हणून लेखकांनी तसंच लिहून खाली सही ठोकली. आबांनी पुस्तक बगलेत धरलं. लेखकांकडे त्यांनी पाहिलंही नाही, पाहिलं ते माझ्याकडे.

प्रस्तावना मिळाली. चांगली दीड पानाची.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेलो, तेव्हा वही घेऊन आबांजवळ बसलो. म्हटलं, आबा, पाणी कमी पडलं की आधी कुणाला द्यायचं, ते सगळं नीट सांगा, मी तुमच्या नावानिशी लिहितो. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला, सावकाश चावून खाल्ला.

"पुस्तकमा शे ना बठ्ठं," ते म्हणाले. "वाची ले."