पढवलेली साक्ष

आमच्या गावच्या अंगणवाडीत खेळण्यांचे एक लोखंडी कपाट आहे, आणि त्याला कुलूप आहे. किल्ली बाईंच्या कमरेला. रंगीत ठोकळे, बाहुल्या, लाकडी बैलगाडी, ओवायचे मणी असे चार-पाच वर्षांच्या लेकरांसाठी आलेले सामान वरिष्ठांची भेट असेल त्याच दिवशी बाहेर येते, सतरंजीवर मांडले जाते, त्याचे फोटो निघतात आणि मोटार गावाबाहेर पडताच ते पुन्हा कुलपात जाते. सरकारी भाषेत यालाच पूर्वप्राथमिक शिक्षण म्हणतात.

मी आयुष्यभर न्यायालयात लिपिक होतो. साक्षीदारांना शपथ घेताना आणि ती मोडताना रोज पाहिले. निवृत्तीनंतर गावात आलो ते अर्ज लिहिण्याची सवय घेऊनच. तलावाची पाळ फुटली, रेशन दुकानाचा काटा हलका निघाला, की माझे पत्र जाते. लोक पाठीमागे मला ‘अर्जवाले बाबूजी’ म्हणतात, आणि ते मला ठाऊक आहे.

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. मुलगा आणि सून दिवसभर बांधीत, चिखलात, म्हणून चार वर्षांच्या नातीला अंगणवाडीत पोहोचवणे आणि परत आणणे माझ्याकडे होते. त्या दिवशी लवकर गेलो आणि व्हरांड्यात थांबलो. आत भेटीला आलेल्या मॅडम सतरंजीभोवती बसलेल्या लेकरांना विचारत होत्या, “यांच्याशी रोज खेळता नं बाळांनो?”

“होऽऽ!” सगळ्यांचा एक सूर.

त्या सुरातून माझ्या नातीचा आवाज वेगळा निघाला. “नाही. हे आजच काढलं. बाईनं सांगितलं, रोज खेळतो म्हणजा.”

मॅडम हसल्या. “हुशार आहे हो पोरगी,” असे बाईंना म्हणाल्या आणि फोटोसाठी मुलांना सरकवू लागल्या. ऐकले, हसल्या आणि काहीही नोंदवले नाही. माझ्या मते पहिला अपराध तो होता, आणि त्याला शिक्षा कधीच होणार नाही.

दुसऱ्या दिवशी आणायला गेलो तेव्हा नात भिंतीशी, पाण्याच्या माठाजवळ एकटी बसली होती. बाकीची लेकरे गोल करून गाणे म्हणत होती. मी काही विचारण्याआधीच शेजारच्या घरची चिमुरडी मोठ्या जबाबदारीने मला म्हणाली, “आबाजी, तिच्यासंग बोलाचं नाही आहे. बाईनं सगळ्याइले कट्टी कराले लावली.”

घरी येताना नातीने विचारले, “आबा, मी खोटं बोलली का?”

तिला घरी सोडून मी तसाच परत गेलो. बाई कपाटाला कुलूप लावत होत्या.

“काहून हो काकाजी, एवढ्याशा गोष्टीसाठी पुन्हा चक्कर?” त्या म्हणाल्या. “एक ठोकळा हरवला का मले लिहून द्या लागते. नोटीस मले येते, तुम्हाले नाही. अन् पोरीले बोट तरी लावलं का मी?”

“बाई, मारले असते तर वळ दिसला असता. तुम्ही केले ते दिसत नाही.”

“मंग जे दिसत नाही ते अर्जात लिहान कसं?” बाई कडी ओढत म्हणाल्या. “लिहा बाप्पा, कागद काही संपून नाही राहिले.”

बाईंची अडचण खोटी नव्हती. ठोकळा हरवल्यावर खाली नोटीस धाडणारी आणि तो कधी बाहेर निघालाच नाही तर काहीच न विचारणारी ही व्यवस्था आंधळी आहे, हे मी अर्जातही लिहिले. पण आपली भीती लेकराच्या अंगावर घालायची नाही, हा त्या पेशाचा पहिला धर्म आहे. वकिलाला सनद असते, ती काढून घेता येते. डॉक्टरला जाब विचारणारी परिषद असते. चार वर्षांच्या मुलासाठी बाईचा शब्द हा देवाचा शब्द असतो. एवढी सत्ता हाती असलेल्या माणसाकडून मात्र कोणी शपथ घेत नाही. शाळेत शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई करणारे कलम मी शोधून काढले. ते सहा वर्षांपासून पुढच्या मुलांना लागू होते. माझ्या नातीचा अपमान कायद्याच्या दृष्टीने दोन वर्षे लवकर झाला होता.

तरीही मी लिहीत राहिलो. धान कापून झाले तेव्हा चौकशीचे पत्र आले : मुलीस हजर ठेवावे.

मी तयारी सुरू केली. लहान मूलही साक्षीदार होऊ शकते, मात्र प्रश्न समजून त्याचे नीट उत्तर देण्याइतकी त्याला समज हवी, हे मला पाठ होते. रोज संध्याकाळी तलावाच्या पाळीवर मी तिला विचारायचो, “कपाट कधी उघडतं?”

“पाव्हणे आले का.”

“बाईंनी काय म्हणायला सांगितलं होतं?”

“रोज खेळतो म्हणजा.”

एखादा शब्द चुकला की पुन्हा. बायको एकदा दारातून म्हणाली, “पोरीले अंगणवाडीत धाडता का कोर्टात? घुगऱ्या थंड होऊन राहिल्या, तिले खाऊ तर द्या.” मी तिच्याकडे लक्ष दिले नाही.

चौकशीला त्याच मॅडम आल्या. ज्यांनी ऐकून दुर्लक्ष केले त्यांनीच चौकशी करावी, यावर मी लेखी हरकत घेतली; ती त्यांनी घडी करून पर्समध्ये ठेवली. एका बाजूला बाई, दुसऱ्या बाजूला मी, मध्ये नात. मॅडमनी गोड आवाजात विचारले, “बाळा, खेळणी रोज मिळतात का गं?”

नातीने बाईंकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले. नंतर ती माझ्याजवळ आली, माझे धोतर धरले, आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा कुजबुजत्या आवाजात म्हणाली, “आबा, कोणतं सांगू? तुमचं का बाईचं?”

बाईंनी हसू दाबायला तोंडाला पदर लावला. मॅडमनी पेनाला टोपण लावले.

“बाबूजी, तुम्ही तर कोर्टातले. पढवलेला साक्षीदार चालतो का तुमच्याकडे?”

“मी तिला खरे तेच पढवले आहे.”

“सगळे असंच म्हणतात.”

खरे आणि खोटे यांत फरक आहे, तो मी जन्मभर मानला. पण त्या खोलीत नातीपुढे दोन धडे होते आणि दोन मोठी माणसे होती. व्हरांड्यातून मी ऐकले होते ते उत्तर तिला कोणी शिकवले नव्हते. ते पुन्हा कोणाच्याही प्रश्नाला आले नाही. आता शेजारीण “जेवली का वं?” म्हणते, तर नात आधी आजीच्या तोंडाकडे पाहते. मामाने आंबा हवा की जांभूळ विचारले, तर माझ्याकडे. आणि उत्तर देते ते समोरच्याला आवडेल असे, फार गोड आवाजात. लोक म्हणतात, पोरगी शहाणी झाली.

मी वरच्या कार्यालयात अपील केले. उत्तर आले : फेरचौकशी करता येईल, मुलीस पुन्हा हजर करावे.

त्या पत्राला मी एका ओळीचे उत्तर लिहिले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत छोटे पत्र : मुलीला हजर करणार नाही.

कार्यालयाने तत्परता दाखवली. तक्रारदाराने सहकार्य न केल्यामुळे प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे, म्हणजे फाइल बंद, असे मला लेखी कळवले. माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रव्यवहारात इतके लवकर उत्तर कधी आले नव्हते.