गाडीतला आरसा कोणी चिकटवला?

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटारडे म्हणत आलो. आता स्वतःच लिहायला बसलोय, तर म्हणा मला. शिक्षण चौथी, शुद्धलेखन तपासत बसू नका.

घर हैदराबादला, विद्यानगरात. खाली आमची जुनी पांढरी गाडी उभी असते, चोवीस वर्षांची. ती विका म्हणून मुलगा दिलीप मागे लागलेला. त्याची आई, सुमन, जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. ती त्याच गाडीत माझ्या शेजारी बसायची. विकणार नाही म्हणालो... विषय संपला.

मे महिन्यात एका सकाळी बघतो तर आतला आरसा, मागचं दाखवणारा, काचेवरून निघून सीटवर पडलेला. चोवीस वर्षांत पडला नाही तो आत्ताच कसा पडला? दिल्यानंच काढला असणार. गाडी मोडकी दिसली की म्हातारा नमेल! मी गुपचूप आरसा माझ्या लोखंडी पेटीत टाकला, कुलूप घातलं. पेटीची अन् गाडीची, दोन्ही चाव्या करदोड्याला बांधल्या. आंघोळीलाही सोडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिल्या ऑफिसला गेला, सून माहेरी होती. ब्लेडनं काचेवरचा जुना गोंद खरवडला, काच पुसली, गाडीला कुलूप घातलं अन् बसनं गौलीगुड्याला गेलो. तिथं खाजाभाईचं गाड्यांच्या सामानाचं दुकान आहे.

“आरसा काचेला चिकटवायचा गोंद दे.”

“फिर से? परसोंच तो चाची लेके गए.”

मला राग आला. “अरे, मेली ती! सात महिने झाले!”

तो चाचरला. “परसों बोले तो... याद नै चाचा, कब्बी तो बी.”

आमच्या हैदराबादचं ‘परसों’ असंच. परवाचंही परसों अन् दहा वर्षांमागचंही परसों. तशी मी मनाची समजूत घातली. पण आरसा आधी कधी पडलाच नव्हता, मग तिला गोंद कशाला? तेच त्याला विचारलं.

“चाची बोले, उनकू बोलो नक्को, मैंच लगा लेती. उनो चिल्लाते.”

ओरडायचो मी, खरं आहे. टिकली सारखी करायला ती आरसा आपल्याकडे वळवायची अन् मी खेकसायचो.

“एक दिन सूखने देना,” गोंद देताना तो म्हणाला.

घरी आलो. जाऊन तीन तासही झाले नसतील. गाडी उघडली... आरसा जागेवर. ओढून पाहिला, हलेना. तोंड डाव्या सीटकडे वळलेलं. वर जाऊन पेटी पाहिली. कुलूप शाबूत, आत आरसा नाही.

संध्याकाळी दिल्याला धरला.

“दुसऱ्या चाव्या करून घेतल्यास काय रे?”

“कशाच्या, अप्पा?”

“नाटक करू नको! आईच्या नावानं बापाला येडा ठरवायचं, अन् गाडी विकायला मोकळा! ठेव तिच्या फोटोवर हात. खा शपथ.”

त्यानं हात ठेवला, अन् उभ्या उभ्या रडायला लागला. सुमन गेली तेव्हा तो रडला नव्हता, दहाव्यालाही नाही. त्याचाही मला संशय होता.

“मला ती गाडी बघवत नाही हो अप्पा,” तो म्हणाला. “रोज खाली उतरलं की आधी तिची सीट दिसते. म्हणून विका म्हणतो.”



आरसा कोणी लावला, अजून कळलेलं नाही. गोंदाची ट्यूब न फोडलेली माझ्याजवळ आहे. खाजाभाईला पुन्हा विचारलं, तर तो म्हणतो, मैं ऐसा बोलाच नै. तो खोटं बोलतो की माझेच कान... कोणाला कळलं तर सांगा.

त्या रविवारी दिलीपला म्हणालो, “चल, एक फेरी मारू.” तो चालवायला बसला. आरसा आपल्याकडे वळवायला हात उचलला अन् तसाच खाली घेतला. तिची सीट रिकामी ठेवून मी मागं बसलो. हिमायतनगरपर्यंत मागून हॉर्न वाजला की मीच वळून बघत होतो अन् त्याला सांगत होतो, “चल, मोकळं आहे.”