नाव न विचारणारा जुगार

ते प्रकरण मनातून कधी उतरलेच नाही, आणि गेल्या महिन्यात त्यातले फिर्यादी वारल्यापासून तर ते रोज समोर येऊन बसते. नोकरीच्या अखेरच्या काळात मी सांताक्रूझ पूर्वेकडच्या एका पोलीस ठाण्यात निरीक्षक होतो. इथे कुणाचे नाव लिहीत नाही. फिर्यादींना मी तेव्हाही काका म्हणत असे, आताही तेच म्हणतो.

काका वाकोल्याचे. पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाले होते, म्हणजे गल्लोगल्लीचे पाणी ठरल्या वेळी सोडायचे आणि बंद करायचे हे त्यांचे काम. पत्नी वारल्यावर तिच्या पहिल्या स्मृतिदिनी वस्तीतल्या बुद्धविहारात त्यांनी सर्वांसमोर जाहीर केले होते की, निवृत्तीच्या पैशातून विहारामागच्या रिकाम्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका करून देईन. टेबले, पंखे, पुस्तके, सगळे. सुताराला आगाऊ रक्कम द्यायची म्हणून ते बँकेत गेले, तेव्हा खाते जवळजवळ रिकामे निघाले.

चोरी झालेली माणसे ठाण्यात बहुधा आवाज चढवून येतात. काका आले ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, आणि आपल्याच हातून काही सांडल्यासारखे हळू बोलत होते. ठाणे अंमलदाराने अशा तक्रारीत विचारतात ते प्रश्न विचारले. कुठल्या लिंकवर बोट लावले का, बँकेतून बोलतोय म्हणून कुणाचा फोन आला का, अनोळखी माणसाला ओटीपी सांगितला का. प्रत्येक प्रश्नाला उत्तर ‘नाही’ असेच आले. शेवटी मला म्हणाले, "साहेब, मी लोकांना शब्द दिलाय. कोण असेल तो असू द्या, सोडू नका." सोडणार नाही, असे मी सांगितले. फिर्यादीवर त्यांनी सही केली आणि गुन्हा दाखल झाला.

पैसे एकदम गेले नव्हते. काही महिने थोडे थोडे करून वेगवेगळ्या खासगी माणसांच्या खात्यांत गेले होते. आम्ही बँकांना पत्रे देऊन ती खाती गोठवली. असे खाते गोठले की खातेदार एकतर गायब होतो किंवा भांडायला येतो. भांडायला येणारा सहसा चोर नसतो. मुलुंडहून एक तरुण असाच तणतणत आला. वडिलांच्या कपड्याच्या दुकानात बसायचा आणि फावल्या वेळात क्रिप्टो कॉइन विकायचा.

"साहेब, त्याने पैसे टाकले, मी कॉइन पाठवले. यात मी काय चोरलं? खातं गोठवून माझीच वाट लावली तुम्ही."

त्याला बसवले, चहा दिला. कॉइन घेणाऱ्याचे नाव त्याला माहीत नव्हते, टोपणनावानेच व्यवहार चालत. पण घेणाऱ्याला कॉइन कशाला हवे असत, हे त्याला ठाऊक होते. मोबाइलवर चालणारा परदेशी जुगार, जिथे ओळखपत्र मागत नाहीत. त्या माणसाशी एकदाच फोनवर बोलणे झाले होते, तेही पैसे यायला उशीर झाला म्हणून.

"मराठीच होता. मी म्हटलं, देतोस ना रे? तर म्हणतो, थांब यार, पप्पा चष्मा शोधतायत."

माझ्या शेजारी बसलेल्या महिला उपनिरीक्षकांनी लिहिता लिहिता पेन खाली ठेवले.

काकांना बोलावून घेतले. घरात त्यांच्यासोबत राहणाऱ्या मुलाला ओटीपी सांगता का, असे मी साध्या शब्दांत विचारले. ते लगेच म्हणाले, "हो, सांगतो की. माझा फोन साधा. बँकेचं सगळं तोच बघतो. पवईला ऑफिसात असतो, जेवणाच्या सुट्टीत फोन करतो, मी आकडे वाचून..." तिथे ते थांबले. मग म्हणाले, "तुम्ही अनोळखी माणसाचं विचारलं होतं, साहेब." त्यात तक्रार नव्हती. चुकले कुठे, ते त्यांना उमगले होते.

मुलाला नोटीस दिली. तो आला, आणि कुणी काही विचारण्याआधीच त्याने मोबाइल उघडून माझ्यापुढे ठेवला. आवाज चढवण्याची गरजच पडली नाही. त्याने सांगितले, इकडच्या पैसे लावून खेळायच्या ॲपमध्ये आधार, पॅन, फोटो सगळे द्यावे लागते, ऑफिसात किंवा घरी कळेल अशी भीती वाटायची. मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये कुणीतरी त्या साइटचा पत्ता टाकला होता. नाव नको, फोटो नको, कॉइन भरले की झाले.

"तिथे कुणी विचारत नव्हतं, कोण आहेस, कुठून आलास," तो म्हणाला. "आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच. पप्पा बोलायचे ते पाणी भरलंस का आणि जेवलास का. तिकडे निदान काहीतरी चालू असायचं."

मग एकदा तो जिंकलाही होता. गेलेले सगळे पैसे परत खात्यात ठेवता येतील, एवढे. "काढायला गेलो तर म्हणाले, आता ओळखपत्र पाठव. पाठवलं. तर म्हणे, तुझ्या देशातून इथे खेळायला परवानगी नाही. खातं बंद करून टाकलं."

मी पत्त्यांच्या जुगाराचे अड्डे पाहिले आहेत. तिथे मालकाला तोंड असते, दाराला कडी असते, बीटच्या हवालदाराचा धाक असतो. इथे ठोठावायला दारच नव्हते. आम्ही त्या साइटला रीतसर मेल पाठवले, त्यांचे उत्तर कधीच आले नाही.

काकांचा पुरवणी जबाब घ्यायचा होता. मुलगा शेजारी उभा होता. तो म्हणाला, "पप्पा, सांगा ना तुम्हीच दिले होते म्हणून. नोकरी जाईल माझी." काकांनी मला विचारले की, तक्रार मागे घेता येते का. मी सांगितले, गुन्हा नोंदवल्यावर ठाण्यात काही मागे घेता येत नाही, पुढे कोर्टात तडजोड होऊ शकते, पण जबाबात जे घडले तेच लिहावे लागेल.

त्यांनी मुलाकडे पाहिले. मग उपनिरीक्षकांना म्हणाले, "लिहा ताई. एफडी मोडून नवीन करतोय, असं तो म्हणाला म्हणून आकडे सांगितले. नायतर सांगितले नसते."

मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याची नोकरी गेलीच. पुढच्या रविवारी काका विहारात उभे राहिले आणि टेबले येणार नाहीत, पैसे माझ्या घरातच गेले, एवढे सांगून खाली बसले. हे मला बीट हवालदाराकडून कळले. कुणी त्यांना एक शब्दही बोलले नाही, आणि तेच त्यांना जास्त लागले असावे. कालांतराने कोर्टात त्यांनीच तडजोड केली आणि मुलगा सुटला.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला मी बोरिवलीहून गेलो होतो. वंदना झाली, चार माणसे त्यांच्याविषयी चांगले बोलली. विहारामागच्या खोलीला कुलूप होते, आत जयंतीच्या मंडपाचे बांबू ठेवतात असे कळले. मुलगा मला सोडायला रस्त्यापर्यंत आला. केस पिकले होते. आता एका गोदामात कामाला जातो, म्हणाला.

मग म्हणाला, "साहेब, त्यानंतर पप्पांनी मला एकदाही विचारलं नाही, का केलंस म्हणून. ताट वाढायचे, जेवायचे, झोपायचे. मी रोज वाट बघायचो. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं."

सेवेत असताना मी हजारो माणसांना नाव, वय, पत्ता, धंदा विचारला. विचारले जाणे माणसाला नको असते, असाच माझा समज होता, आणि आरोपींच्या बाबतीत तो खराही असेल. त्या जुगाराने लोकांची हीच नस पकडली आहे. पण या मुलाला तिथे नेले ते निनावी राहण्याच्या ओढीने नाही, असे आता वाटते. त्याला घरीही कुणी काही विचारत नव्हते, आणि तेही निव्वळ मायेपोटी. काकांनी आकडे वाचले तेव्हा एकदा, हे कशासाठी रे, असे म्हटले असते तर? आम्ही त्याच्याकडून सगळे काढून घेतले, कबुली, व्यवहार, खाती. पण कसे केलेस, एवढेच आम्हाला हवे होते.

मी रिक्षाला हात केला होता, तो खाली घेतला. म्हटले, "आता मला सांग."

रस्त्याच्या कडेला उभा राहून तो बराच वेळ बोलला. ते सगळे काकांनी ऐकायला हवे होते.