धाकट्या बहिणीचा कोरा पेपर

मंडळातील सर्वांना नमस्कार. आपल्या चर्चा मी आजवर नुसत्या वाचत आले. आज लिहिण्याचे धाडस करते आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

माझी धाकटी बहीण मुग्धा आठवीत आहे. चाचणीत तिने गणिताचा पेपर कोरा दिला, म्हणून आज दुपारी शाळेने पालकांना बोलावले होते. आईबाबा नोकरीवर असल्याने मी गेले. याच शाळेतून मी दहावीला पहिली आले होते.

बाईंनी मला लगेच खुर्ची दिली. मुग्धा उभीच होती.

"सख्खी बहीण ना गं तुझी? मुग्धे, ताईच्या पायाचं तीर्थ घे जरा!"

आई घरी हेच म्हणते. मी सवयीने हसले.

गोडदेवला, आमच्या घरी, चालत परतताना मी तिला त्याच पेपरातली दोन गणिते तोंडी विचारली. दोन्ही उत्तरे बरोबर आली.

"मग लिहिलं का नाहीस?"

"वीसपैकी बारा पडले असते. मग सगळे म्हणणार, ताईला वीस पडायचे. कोरा दिला की कोणी मला तुझ्याशी ताडून बघत नाही."

तेव्हा मला काहीच वाटले नाही. आम्ही कोथिंबीर घेतली आणि घरी आलो.

सोमवारी फेरपरीक्षा आहे आणि तिची तयारी बाईंनी माझ्यावरच सोपवली आहे. मी तिला शिकवायला बसावे, की तोवर मावशीकडे राहायला जावे? आपल्यापैकी जे घरात धाकटे असतील, त्यांनी कृपया सांगावे.

शुक्रवार, १७ सप्टेंबर १९९९, सायंकाळी ७ वाजून १० मिनिटे